नावात ‘ओपन’ लावण्याआधी: ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव खुल्या मानकांशी जोडण्याची सविस्तर कृती

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने, म्हणजे डेकने, १९९१ साली आपल्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव ओपनव्हीएमएस करायचं ठरवलं. कारणं दोन होती. एक उघड होतं: सिस्टीममध्ये पॉसिक्ससारख्या (युनिक्सच्या धर्तीच्या सिस्टीमसाठीचं मानक) खुल्या मानकांची सोय येत होती आणि त्या काळात सगळ्या संगणक बाजाराने ‘ओपन सिस्टीम्स’चा घोशा लावला होता. दुसरं कारण व्यवहाराचं होतं. व्हीएमएस तोवर डेकच्याच व्हॅक्स यंत्रांशी इतकी जखडलेली होती की तिला व्हॅक्स/व्हीएमएस म्हणूनच ओळखत, आणि आता तिला डेकच्या नव्या अल्फा प्रोसेसरवर न्यायचं होतं. नाव ठरलं १९९१ मध्ये. ते धारण करणारी पहिली आवृत्ती, अल्फासाठीची १.०, आली नोव्हेंबर १९९२ मध्ये. व्हॅक्सवाल्यांना ते मिळालं ६.० सोबत, जून १९९३ मध्ये.

आजही ओपनव्हीएमएसच्या आत शिरलात तर जुनं नाव जागोजागी भेटतं. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या जुन्या प्रोसीजरचं नाव व्हीएमएसनेच सुरू होतं. सिस्टीमच्या सामायिक डिरेक्टरीच्या नावातही व्हीएमएस आहे. सी कंपायलर स्वतःची ओळख ज्या मॅक्रोने (प्रोग्रॅमला तपासता येणाऱ्या ठरावीक नावाने) देतो त्यात ‘ओपन’ नाही. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेला ‘तू कुठल्या सिस्टीमवर चालतोयस’ असं विचारलं तर उत्तर येतं नुसतं ‘व्हीएमएस’. याला आळस म्हणू नका. यातली एकेक गोष्ट बदलली असती तर ग्राहकांचे वर्षानुवर्षं चालत आलेले प्रोग्रॅम एका रात्रीत बंद पडले असते.

माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्म इथेच आहे. माणसांना दिसणारं नाव हा एक दावा असतो. तो पुराव्याशिवाय करू नये. प्रोग्रॅम वाचतात ते नाव हा एक करार असतो. त्याला शक्यतो हातच लावू नये. लिनक्सचं वितरण (वापरायला तयार संच) सांभाळणारे, एम्बेडेड उपकरणांसाठी सिस्टीम बांधणारे किंवा संस्थेची अंतर्गत सिस्टीम चालवणारे, कुणीही असा, क्रम हाच ठेवा. सोयीसाठी पुढे तुमच्या सिस्टीमला ‘अबक’ म्हणतो आणि प्रस्तावित नावाला ‘ओपन अबक’.

पायरी १: कुठलं मानक, हे एका वाक्यात लिहा

‘आमची सिस्टीम खुल्या मानकांना पाठिंबा देते’ या वाक्याचा काही उपयोग नाही. बैठकीत ते सगळ्यांना पटतं, कारण प्रत्येक जण त्यात आपल्याला हवा तो अर्थ भरतो. त्याऐवजी मानकाचं नाव, आवृत्ती, त्यातला भाग आणि कुठल्या हार्डवेअरवर, एवढं सगळं एका वाक्यात बसवा.

पॉसिक्सचंच उदाहरण घ्या. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं १००३.१, म्हणजेच पॉसिक्स, हे मानक पहिल्यांदा १९८८ मध्ये आलं. ताजी आवृत्ती २०२४ ची आहे. मधल्या काळात शेल आणि कमांड, थ्रेड्स, रिअल टाइम सोयी असं बरंच काही त्यात येऊन मिळालं. म्हणजे ‘पॉसिक्स’ एवढंच म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. लहान उपकरणांसाठी आयईईई १००३.१३ मध्ये वेगळ्या प्रोफाइल आहेत, पीएसई ५१ ते पीएसई ५४. सगळ्यात लहान प्रोफाइलमध्ये एकाहून जास्त प्रोसेसची अपेक्षाच नाही. तुमची सिस्टीम एखाद्या कंट्रोलरवर चालणारी असेल तर अख्ख्या पॉसिक्सचा दावा करण्यापेक्षा पीएसई ५२ चा प्रामाणिक दावा कितीतरी वजनदार ठरतो.

याच टप्प्यावर ‘ओपन’चा गुंता सोडवून घ्या, कारण तो पुढे नडतोच. १९९१ च्या सुमारास ‘ओपन’ म्हणजे सर्वांना उपलब्ध असलेल्या मानकाप्रमाणे चालणारी सिस्टीम. आज बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा ओपन सोर्स येतं. ओपनव्हीएमएसचा सोर्स कोड खुला असेल असं समजून येणारे लोक अजूनही भेटतात. ती सिस्टीम ओपन सोर्स कधीच नव्हती. उलट ओपनसुसे या लिनक्स वितरणाच्या नावातला ‘ओपन’ खुल्या विकासप्रक्रियेचा आहे, मानकांचा नाही. तुमचा सोर्स बंद असेल आणि नावात ‘ओपन’ घालणार असाल, तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक पत्रकात खुलासा करत बसावं लागेल याची तयारी ठेवा. तयारी नसेल तर दुसरं नाव शोधा.

मानक किती जगेल हेही बघा. लिनक्स स्टँडर्ड बेस, म्हणजे लिनक्स वितरणांसाठीचं एलएसबी हे मानक, २००१ साली मोठ्या अपेक्षेने प्रसिद्ध झालं आणि आयएसओ मानकही बनलं. पण २०१५ च्या ५.० नंतर ते पुढे सरकलं नाही आणि त्याच वर्षी डेबियन या लिनक्स वितरणाने त्याचा बहुतांश पाठपुरावा सोडून दिला. ज्यांनी एलएसबीचा उल्लेख फक्त माहितीपत्रकात केला होता त्यांनी तो गुपचूप काढला. तो नावातच कोरला असता तर?

पायरी २: पुरावा गोळा करा

नाव सुचवणारी समिती नेमण्याआधी चाचण्या चालवा. पॉसिक्ससाठी सुरुवातीला लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमध्ये असलेला ओपन पॉसिक्स टेस्ट सूट पुरेसा आहे. तो फुकट आहे आणि लिनक्सखेरीज इतर सिस्टीमवरही थोड्या खटपटीने उभा राहतो. अधिकृत प्रमाणपत्र हवं असेल तर युनिक्सचं मानक सांभाळणाऱ्या ओपन ग्रुप या संस्थेचे स्वतंत्र चाचणीसंच आहेत. त्यांच्याकडे वळायचं ते नंतर.

निकाल वाचताना एक गोष्ट हमखास चुकते. या सूटमध्ये प्रत्येक चाचणी पाचपैकी एक निकाल देते: ० म्हणजे पास, १ म्हणजे नापास, २ म्हणजे निष्कर्ष निघाला नाही, ४ म्हणजे ती सोय सिस्टीममध्ये नाहीच, आणि ५ म्हणजे चाचणीच झाली नाही. घाईत लिहिलेली स्क्रिप्ट फक्त १ मोजते आणि बाकी सगळं हिरव्या रंगात दाखवते. मग अहवालात ‘नापास: शून्य’ असं झळकतं आणि सगळे खूश. खरा गंमतीचा भाग ४ मध्ये असतो. तिथली प्रत्येक ओळ मानकाशी ताडून बघा. ती सोय मानकात ऐच्छिक असेल तर ४ चालतो; सक्तीची असेल तर तो सरळ नापास आहे. २ आणि ५ कडे तर संशयानेच पाहायचं. बहुतेकदा चाचणीला लागणारा अधिकार नसतो, घड्याळ हवं तितकं अचूक नसतं किंवा तात्पुरत्या फाइलींची जागा वेगळ्याच फाइलसिस्टीमवर असते. एकेक ओळ निकालात काढेपर्यंत पुढे जाऊ नका. काम कंटाळवाणं आहे, पण यातूनच कळतं की नावाला आधार आहे की नुसता उत्साह.

यानंतर अनुरूपतेचा दस्तऐवज लिहा. पॉसिक्स मानक स्वतःच तो मागतं: कुठल्या ऐच्छिक सोयी दिल्यात, मर्यादा किती आहेत, मानकाने अंमलबजावणीवर सोडलेल्या ठिकाणी तुमची सिस्टीम नेमकं काय करते. हा दस्तऐवज जाहीर ठेवायचा. ज्या टीमला तो लिहिता येत नाही त्या टीमने नाव बदलू नये, इतकं साधं आहे.

आणि हाच दावा प्रोग्रॅमला विचारता आला पाहिजे. ‘गेटकॉन्फ’ कमांडने पॉसिक्सची आवृत्ती विचारली की एक आकडा मिळतो. २००८ च्या आवृत्तीसाठी २००८०९, २०२४ च्या आवृत्तीसाठी २०२४०५, म्हणजे वर्ष आणि महिना. तुमच्या पाटीवर नवं मानक आणि या कमांडच्या उत्तरात जुना आकडा असेल, तर जाणकार ग्राहक पहिल्या पाच मिनिटांत ते पकडतो.

प्रमाणपत्र घ्यायचं का? नावात ‘युनिक्स’ येणार असेल तर पर्यायच नाही. तो ओपन ग्रुपचा ट्रेडमार्क आहे आणि प्रमाणपत्राशिवाय वापरता येत नाही. अॅपल मॅक ओएस एक्सच्या प्रसिद्धीत हा शब्द वापरत होती तेव्हा ओपन ग्रुपने तिच्यावर दावा लावला. २००७ मध्ये मॅक ओएस एक्स १०.५ ला ओपन ग्रुपच्या युनिक्स ०३ या मानकाचं प्रमाणपत्र मिळालं आणि तो विषय मिटला. ‘पॉसिक्स’ हा आयईईईचा ट्रेडमार्क आहे. ‘लिनक्स’ लायनस टोरवाल्ड्स यांच्या नावे आहे आणि त्याचा परवाना लिनक्स फाउंडेशनकडून मिळतो. नुसतं ‘ओपन’ घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून तर सगळे त्याच्याकडे धावतात.

प्रमाणपत्र नसेल तर शब्द जपून वापरा. ‘प्रमाणित’ म्हणजे त्रयस्थाने तपासून शिक्का मारलेलं. ‘अनुरूप’ म्हणजे आम्ही स्वतः तपासलं आणि दस्तऐवज हा घ्या. ‘सुसंगत’ हा सगळ्यात सैल शब्द. विक्री विभाग या तिन्हींची सर्रास अदलाबदल करतो. त्यांना आधीच लेखी कळवून ठेवा.

पायरी ३: नाव बदलायचं, की नुसता शिक्का लावायचा?

इथे बहुतेक टीमना थांबायला सांगावंसं वाटतं, कारण नाव न बदलणं हाही उत्तम पर्याय आहे. हुआवेच्या युलरओएसने युनिक्स ०३ चं प्रमाणपत्र मिळवलं. नाव तेच राहिलं. विंडोज एनटीत १९९३ पासून पॉसिक्सचं उपांग होतं, तेही फक्त पॉसिक्स.१ पुरतं, मुख्यतः अमेरिकी सरकारी खरेदीची अट पुरी करण्यासाठी. त्याबद्दल मायक्रोसॉफ्टने नावात काही घातलं नाही, आणि ते योग्यच झालं. तेवढ्या आधारावर नाव उभं राहिलं नसतं.

मानकाची सोय सिस्टीमच्या एकाच थरात असेल तर त्या थराला नाव द्या. आयबीएमने मेनफ्रेमवरच्या एमव्हीएस या सिस्टीममध्ये पॉसिक्स आणलं तेव्हा त्या भागाला ओपनएडिशन म्हटलं. पुढे त्याचं युनिक्स सिस्टीम सर्व्हिसेस झालं. मूळ सिस्टीमच्या नावाची वाटचाल वेगळी चालू राहिली, ओएस/३९० आणि मग झेड/ओएस. एका थराचं नाव बदललं तर बाकीच्यांना घोर लागत नाही.

अख्ख्या सिस्टीमचं नाव बदलायचंच असेल तर आधी लोकांनी काय केलं ते बघा. डेकने पुढे ‘ओपन’ जोडलं. एचपीने आपल्या एमपीई एक्सएल या सिस्टीमला पॉसिक्स दिल्यावर मागे शेपूट लावलं, एमपीई/आयएक्स. माझं मत शेपटाच्या बाजूने आहे: वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत सिस्टीम आपली जागा सोडत नाही, जुन्या नावाने शोधणाऱ्याला ती सापडते आणि ‘ओपन’चा गैरसमजही टळतो. तिसरा मार्ग संपूर्ण नव्या नावाचा. डेकचीच दुसरी सिस्टीम, डेक ओएसएफ/१, १९९५ मध्ये सिंगल युनिक्स स्पेसिफिकेशन या युनिक्सच्या मानकाला उतरल्यावर डिजिटल युनिक्स झाली. १९९८ मध्ये कॉम्पॅकने डेक विकत घेतली आणि काही काळाने पुन्हा नाव बदलून ट्रू६४ युनिक्स झालं. नावात कंपनी घातली की कंपनीबरोबर नावही विकलं जातं.

नेक्स्टस्टेपचं प्रकरण तर शिकवणीसाठीच घडल्यासारखं आहे. नेक्स्ट आणि सन या संगणक कंपन्यांनी १९९४ मध्ये ओपनस्टेप नावाचं खुलं स्पेसिफिकेशन प्रसिद्ध केलं. मग नेक्स्टने आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमलाही तेच नाव दिलं. फरक एवढाच की सिस्टीमचं नाव सगळ्या मोठ्या अक्षरांत. मानक आणि त्या मानकावर चालणारं उत्पादन यांची नावं बोलताना एकच झाली. मानकाचं नाव जसंच्या तसं आपल्या सिस्टीमला देऊ नका, मग ते मानक तुम्हीच लिहिलेलं का असेना.

दुसऱ्याच्या नावापुढे ‘ओपन’ लावणं हा सरळ वकिलाकडे जाणारा रस्ता. ओपनबीओएस या प्रकल्पाला ट्रेडमार्कच्या हरकतीमुळे २००४ मध्ये हायकू व्हावं लागलं. ओपनसोलारिस हे नाव ओरॅकलच्या मालकीचं असल्यामुळे २०१० मध्ये तो वारसा पुढे नेणाऱ्यांनी इलुमोस आणि ओपनइंडियाना अशी नावं घेतली. ट्रेडमार्कचा शोध घेताना नीस वर्गीकरणातला ९ वा वर्ग, म्हणजे सॉफ्टवेअर, आणि ४२ वा वर्ग, म्हणजे सॉफ्टवेअर सेवा, हे दोन्ही तपासा. ‘ओपन’ हा वर्णनात्मक शब्द असल्याने तुमची मक्ता सांगण्याची ताकद त्यात नसून उरलेल्या अर्ध्या नावात असते. ते अर्धं कमजोर असेल तर नोंदणी झाली तरी तिचा धाक कुणाला वाटणार नाही.

पायरी ४: नाव कुठे कुठे राहतं त्याची मोजदाद करा

आता खरं काम. सगळ्या सोर्समध्ये जुनं नाव शोधा: लहान अक्षरांत, मोठ्या अक्षरांत, जोडून, तोडून, अंडरस्कोर घालून. मग तयार इमेजमध्ये ‘स्ट्रिंग्ज’ कमांड चालवा, कारण सोर्समध्ये न सापडलेलं नाव बायनरीत दडलेलं असतं. जे हाती लागेल ते तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग माणसांच्या डोळ्यांचा: बूट होतानाचा पडदा, लॉगिनचा मजकूर, ‘या सिस्टीमविषयी’ची खिडकी, मॅन्युअल, चिन्ह, इन्स्टॉलरचे पडदे. हे सगळं बदलायचं. यात भाषांतरांचा एक खड्डा आहे. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनात मूळ इंग्रजी वाक्यच भाषांतराची किल्ली असतं. त्यात नाव बदललं की सगळ्या भाषांतील ती वाक्यं ‘संदिग्ध’ ठरतात आणि वापरणाऱ्याला अचानक इंग्रजी दिसू लागतं. नावाच्या जागी चल घालायचं असेल तर तो बदल नाव बदलण्याच्या आधीच्या आवृत्तीत करून घ्या आणि भाषांतरकारांना वेळ द्या. मराठीसारख्या विभक्तीच्या भाषांत चलापुढे ‘मध्ये’, ‘चा’ चिकटवणं तितकं सोपं नसतं. त्यांना ‘ओपन अबक या सिस्टीममध्ये’ अशी वाक्यं करू द्या, ती सगळीकडे चालतात.

दुसरा ढीग प्रोग्रॅम वाचतात त्याचा: ‘युनेम’ या सिस्टीमचं नाव सांगणाऱ्या कमांडचं उत्तर, कंपायलरचे मॅक्रो, पॅकेजांची नावं, डिरेक्टरींचे मार्ग, सेटिंग्जच्या किल्ल्या, नेटवर्कवर जाणारी ओळख. याला हात लावण्याआधी पुढची पायरी वाचा.

तिसरा ढीग तुमच्या ताब्यातच नसतो. दुसऱ्यांच्या बिल्ड स्क्रिप्ट, कॉन्फिगरेशनची हत्यारं, हार्डवेअरवाल्यांच्या सुसंगततेच्या याद्या, खरेदीचे करार, सुरक्षेच्या नोंदी. हा ढीग सगळ्यात मोठा निघतो आणि तो बदलायला विनंतीपलीकडे तुमच्या हाती काही नसतं. म्हणून यादी करून प्रत्येक नोंदीपुढे एका माणसाचं नाव लिहा, नाहीतर ‘कुणीतरी कळवलं असेल’ यावर वर्ष निघून जातं.

पायरी ५: आतली ओळख सांभाळून बदला

‘युनेम’पासून सुरुवात करू, कारण मोह तिथेच होतो. सनने १९९१ मध्ये सोलारिस हे नाव पुढे आणलं. आजही सोलारिसवर ‘युनेम’ सनओएस असंच सांगतं आणि आवृत्ती ५ च्या घरातली. अॅपलने मॅक ओएस एक्सचं ओएस एक्स केलं, २०१६ मध्ये मॅकओएस केलं. ‘युनेम’ सगळा वेळ डार्विन म्हणतं, पायथनही. विंडोज ११ वर ‘ओएस’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल छापून बघा, उत्तर येतं विंडोज_एनटी. ही तिन्ही घराणी नावाच्या बाबतीत एरवी फार स्थिर नाहीत, पण या एका बाबतीत तिघांनीही हात आखडता घेतला. सॉफ्टवेअर बांधताना चालणाऱ्या कॉन्फिग-गेस स्क्रिप्ट ‘युनेम’च्या उत्तरावरूनच सिस्टीम ओळखतात. तिथे ‘ओपन अबक’ असं नवं उत्तर आलं की जुनी पॅकेजं ‘ही सिस्टीम ओळखीची नाही’ म्हणून बांधायलाच नकार देतात. अबक तसंच ठेवा.

आकड्यांबाबतही हेच. लिनक्स कर्नल २०११ मध्ये २.६ वरून ३.० वर गेला, आत फारसं उलटंपालटं झालेलं नसताना. तरी आवृत्ती २.६ नेच सुरू होणार हे गृहीत धरणारे प्रोग्रॅम अडखळले, आणि त्यांच्यासाठी कर्नलमध्येच २.६ असल्याची बतावणी करणारी सोय घालावी लागली. मॅकओएस १०.१५ नंतर ११ आली तेव्हा अॅपलने जुन्या प्रोग्रॅमना १०.१६ असा आकडा दाखवला. नाव आणि आकडा दोन्ही एकाच वेळी बदलणार असाल तर अशी सोय आधीच तयार ठेवा, तक्रारी आल्यावर नव्हे.

लिनक्सच्या वितरणात माणसांसाठीचं नाव आणि यंत्रासाठीचं नाव वेगळं ठेवायची जागा आयती मिळते: ओएस-रिलीज ही फाइल. तिच्यात ‘नेम’ आणि ‘प्रेटी नेम’ ही दोन क्षेत्रं माणसांसाठी. तिथे बिनधास्त ‘ओपन अबक’ लिहा. ‘आयडी’ हे क्षेत्र स्क्रिप्टसाठी. त्यात लहान अक्षरं, अंक, टिंब, अंडरस्कोर आणि आडवी रेघ एवढंच चालतं, मोकळी जागा चालत नाही. शक्य असेल तर ‘आयडी’ जुनंच ठेवा. बदलणं भागच असेल तर ‘आयडी लाइक’ या क्षेत्रात जुनं नाव पहिल्या क्रमांकावर घाला, म्हणजे ज्या स्क्रिप्टला नवं नाव माहीत नाही ती निदान जुन्याच्या वाटेने जाईल. पण सगळ्या स्क्रिप्ट ‘आयडी लाइक’ बघतात असं मुळीच नाही. कित्येकांत फक्त ‘आयडी’ची तुलना असते आणि न जुळल्यास ‘हे वितरण चालत नाही’ म्हणून बाहेर पडतात. तुमच्या वापरकर्त्यांची नेहमीची दहा-वीस सॉफ्टवेअर घेऊन ती कोऱ्या यंत्रावर बसवून बघणं, याला दुसरा उपाय नाही.

कंपायलरचा नवा मॅक्रो द्यायचा असेल तर जुन्याच्या जोडीने द्या, जुना काढून नव्हे. पॅकेजांची नावं बदलली तर जुन्या नावाचं रिकामं पॅकेज ठेवा जे नव्यावर अवलंबून असेल, नाहीतर अपग्रेडमध्ये अर्धी सिस्टीम उडते. वापरकर्त्याच्या घरातल्या सेटिंग्जची डिरेक्टरी हलवू नका. नवी सापडली नाही तर जुनी वाच, एवढी दोन ओळींची समज प्रोग्रॅमला द्या. फाइलींच्या रचनेत कोरलेल्या ओळखी तर आकड्यांच्याच असतात. ईएलएफ या रचनेच्या प्रोग्रॅम फाइलीत ऑपरेटिंग सिस्टीमसाठी एक बाइट असतो. ओपनव्हीएमएसचा क्रमांक १३ आहे. आकड्याला नावाशी देणंघेणं नाही, त्याला तसंच राहू द्या.

बूटचा भाग मात्र हलक्या हाताने घेऊ नका. यूईएफआय या यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरसाठी राखलेल्या डिस्कच्या विभाजनात तुमच्या नावाची डिरेक्टरी असते, फर्मवेअरच्या स्मृतीत तिच्याकडे बोट दाखवणारी नोंद असते आणि सिक्युअर बूटसाठी सही केलेला लोडर असतो. डिरेक्टरीचं नाव बदललं आणि नोंद जुनीच राहिली की यंत्र सुरूच होत नाही, आणि दूरच्या सर्व्हरसमोर जाऊन बसायला कुणी नसतं. मेनूत दिसणारं शीर्षक बदला, डिरेक्टरी जुनी ठेवा.

पायरी ६: सुरक्षेच्या नोंदी

ही पायरी लोक गाळतात आणि हीच सगळ्यात घातक आहे. सुरक्षा तपासणारी हत्यारं सिस्टीमला सीपीई नावाच्या ठरावीक ओळखीने शोधतात. त्या नावांचा कोश अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेकडे आहे. आजवरच्या त्रुटी ‘अबक’च्या नावे नोंदलेल्या आहेत. उद्या हत्याराला ‘ओपन अबक’ दिसलं आणि त्या नावावर कोशात काहीच नसलं, तर अहवाल येतो: एकही त्रुटी नाही. धोक्याची घंटा वाजायच्या ऐवजी शांतता. वापरकर्ता निर्धास्त होतो आणि यंत्र उघडं पडतं.

म्हणून नाव जाहीर होण्याच्या आधी नवी सीपीई नोंद करून घ्या, तुमच्या स्वतःच्या सुरक्षा सूचनांत दोन्ही नावं छापा आणि निदान दोन-तीन प्रचलित स्कॅनर घेऊन मुद्दाम जुनं, त्रुटी असलेलं पॅकेज ठेवलेल्या यंत्रावर चालवा. त्रुटी दिसली तरच पुढे जा.

जुनं डोमेन कधीही सोडू नका. लाखभर यंत्रं तिथून अपडेट मागत असतील आणि तुम्ही ते सोडल्यावर दुसऱ्या कुणी घेतलं तर काय होईल ते सांगायला नको. पॅकेजांवर सही करणारी किल्ली केवळ तिच्यावर जुनं नाव आहे म्हणून बदलायची गरज नाही. बदलायचीच असेल तर नवी किल्ली जुन्या किल्लीने सही केलेल्या अपडेटमधून पोहोचवा.

पायरी ७: कुठल्या आवृत्तीत बदलायचं

माझा सल्ला असा की ज्या आवृत्तीत दुसरं काहीच मोठं बदललेलं नाही तीच निवडा. काही मोडलं तर नावामुळे मोडलं हे लगेच कळतं. विक्री विभाग याला विरोध करेल, त्यांना नव्या नावाबरोबर नव्या सोयींची बातमी हवी असते. डेकचंच बघा. नवं नाव, नवा प्रोसेसर आणि आकडा पुन्हा १.० पासून, असं सगळं अल्फावर एकदम आलं, तर व्हॅक्सवर तेच नाव ६.० घेऊन. एकाच नावाच्या दोन सिस्टीम, एक १.५ वर आणि एक ६.० वर. अखेर दोन्ही बाजू ६.१ वर आणून आकडे जुळवावे लागले. एकाहून जास्त प्रोसेसरवर चालत असाल तर आधी आकडे एका रांगेत आणा, मग नाव बदला.

घोषणेत तीन गोष्टी पुरतात: काय बदललं, काय मुद्दाम बदललं नाही, आणि अनुरूपतेचा दस्तऐवज कुठे आहे. दुसरी गोष्ट सविस्तर लिहा. व्यवस्थापकांना नव्या नावाशी कर्तव्य नसतं, त्यांना आपली स्क्रिप्ट चालेल का एवढंच हवं असतं. परवान्याच्या आणि देखभालीच्या करारांत जुनं नाव असेल तर ‘अबक, यापुढे ओपन अबक या नावाने’ अशी एक ओळीची पुरवणी वकिलाकडून करून घ्या.

लोक जुनंच नाव घेत राहतील. ओपनव्हीएमएसला आजही तिच्यावर काम करणारी माणसं व्हीएमएसच म्हणतात, आणि २०१४ पासून तिचा विकास करणाऱ्या कंपनीचं नावही व्हीएमएस सॉफ्टवेअर असंच आहे. दुरुस्त करत बसू नका. शोधात जुन्या नावाने आलेला माणूस योग्य पानावर पोहोचतो की नाही, तेवढं बघा.

पायरी ८: नाव लागल्यानंतर

पायरी २ मधल्या चाचण्या आता रोजच्या बिल्डमध्ये घाला. मानकाच्या विरुद्ध जाणारा एखादा बदल आला तर बिल्ड थांबला पाहिजे, इशारा देऊन पुढे गेलेला चालणार नाही. हे नाव बदलण्याच्या आधीच करायचं असतं, पण निदान नंतर तरी करा. एखादी चाचणी तात्पुरती वगळावी लागली तर तिच्यापुढे कारण आणि मुदत लिहा. मुदत नसलेली सूट कायमची होते.

मानकाची नवी आवृत्ती आली की काय करायचं हे आताच ठरवून ठेवा, आणि नावात मानकाचं वर्ष न घालण्याचं कारणही हेच. ओपनव्हीएमएसमध्ये पॉसिक्सचा जो वेगळा संच आधी विकला जाई तो पुढे मागे पडला; युनिक्सच्या धर्तीच्या सोयी सी भाषेच्या रनटाइम लायब्ररीत आणि जीएनव्ही या साधनसंचात येत गेल्या. मार्ग बदलला तरी नाव टिकलं, कारण ते एका संचाला बांधलेलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न जुन्या ओळखी कधी काढायच्या याचा. वर्षांत मोजू नका, वापरात मोजा. अपडेटच्या सर्व्हरवर जुन्या पत्त्याने येणाऱ्या विनंत्या, जुन्या नावाच्या रिकाम्या पॅकेजचे डाउनलोड आणि मदतकक्षाकडे येणारे प्रश्न, या तिन्हींची नोंद ठेवा. रिकामी पॅकेजं एखाद्या मोठ्या आवृत्तीत सोडता येतील, तेही दीर्घ मुदतीची देखभाल असलेल्या शेवटच्या जुन्या आवृत्तीचा आधार संपल्यावर. ‘युनेम’चं उत्तर, कंपायलरचा मॅक्रो आणि जुनं डोमेन ही तीन मात्र या यादीत घालूच नका, ती सिस्टीम चालू असेपर्यंत तशीच राहतात.